प्रेमिलाबाईचं त्र्याहत्तरावं उत्तर

कुहीकडची प्रेमिला मेश्राम पंधरा वर्षांपासून अंगणवाडी सेविका. सकाळी लेकरं, दुपारी धानाची बांधी. पर्यवेक्षिकेच्या परीक्षेले बसाची वयाची मुदत यंदा सरून राहिली होती, म्हणून दर रविवारी एसटीनं नागपूरले रीझनिंगच्या क्लासले ये. वर्गातली पोट्टी तिच्या लेकीच्या वयाची. सर धरून समदे तिले काकू म्हणत.

परीक्षा झाली, पहिली उत्तरतालिका आली. मागच्या भरतीत निवडीले लागलेला गुणांचा आकडा धरला तं प्रेमिला एका गुणानं खाली. अन् तो गुण त्र्याहत्तराव्या प्रश्नात अडकला होता.

विधानं दोन. सर्व सेविका बाया आहेत. काही बाया शेतकरी आहेत. निष्कर्ष: काही सेविका शेतकरी आहेत. तालिका म्हणे, निष्कर्ष निघते. प्रेमिलानं लिहिलं होतं, निघत नाई.

क्लासच्या ऋषी सरांनी स्वतःच्या नावानं छापलेल्या पुस्तकातही असाच प्रश्न होता, उत्तरही तालिकेसारखंच. प्रेमिला रविवारी तालिका घेऊन क्लासले गेली, तं सर हासले.

"काकू, तुम्ही सेविका ना?"

"हो सर."

"शेतात जाता?"

"आजच धानाचं रोवणं सोडून आली."

"मग झालं की! निष्कर्ष समोर बाकावर बसलाय, आणि म्हणतो मी निघत नाही!"

वर्ग खिदळला. पण अंगणवाडीत दर महिन्याले कोणी ना कोणी साहेब येऊन प्रेमिलाले तिचंच काम शिकवून जाय. कातडी निबर झाली होती. ती उठली, जेवणाच्या डब्याचं झाकण अन् हातातल्या दोन बांगड्या घेऊन सरांच्या टेबलापाशी गेली.

"मी शेती करतो हे मले माहीत आहे सर, प्रश्नाले नाई. तुम्हीच सांगतलं, आंबे दगड आहेत म्हटलं तं दगड माना, घरचं ज्ञान बाहेर ठेवा. मंग माही बांधी मी आत काहून आणू? हे झाकण म्हणजे बाया. ही बांगडी सेविका, पुरी आत. ही दुसरी शेतकरी, अर्धी झाकणावर, अर्धी बाहेर. दोन्ही विधानं शाबूत. बांगड्या एकमेकीले लागल्या का?"

"सरकवून पाहा नं काकू," मागच्या बाकावरून सोनिका नावाची पोट्टी म्हणाली, "लागतेत."

"लागू शकतेत वं. लागतेतच असं कुठं लिहिलं? एक मांडणी बिना लागता जमली तं निष्कर्ष मेला."

सरांनी मार्करचं टोपण लावलं. "तालिका तज्ज्ञ बनवतात, काकू. एका गुणासाठी कुठं भांडता? पुढच्या वेळी बघू."

"मले पुढची वेळ नाई सर."

दुसऱ्याच दिवशी कुहीच्या सेतू केंद्रात तिनं हरकत भरली. तीन ओळी, अन् झाकण-बांगड्यांचा फोटो. शिफारस कोणाचीच नाई.

महिनाभरानं सुधारित तालिका आली. त्र्याहत्तर: निष्कर्ष निघत नाही. मंग निवड यादी लागली, तिचं नाव खालून दुसरं, पण यादीच्या आत.

त्याच दुपारी ऋषी सरांचा फोन. "मॅडम, अभिनंदन! एक छान फोटो पाठवा. क्लाससमोर मोठा फ्लेक्स लावतोय."

"पहिले पुस्तकातलं उत्तर दुरुस्त करा सर. मंग पाठवतो."

"ते नव्या आवृत्तीत बघू ना."

"मंग फोटो बी नव्या आवृत्तीतच बघू," प्रेमिला म्हणाली अन् फोन ठेवून देल्ला.