मिस्त्रींची ट्रायल

दुरुस्त केलेली स्कूटर मिस्त्री कधीच सरळ गिऱ्हाइकाच्या हाती देत नसत. आधी ट्रायल. गिऱ्हाइकाला मागे बसवायचं, गाडी जरा कलती करून किक मारायची आणि निळा धूर सोडत निघायचं. रस्ता ठरलेला. हिंगोलीत तेव्हा मोकळ्या रस्त्यांना काही तोटा नव्हता. अकोल्याकडे जाणारा तर दुपारी नुसता पडून असे. पण मिस्त्री गाडी घालणार ती आमच्याच गल्लीत. अरुंद, फरशीची, चढाची गल्ली. दोन्ही बाजूंना ओटे आणि ओट्यांवर आमचे वडीलधारे.

"मोकळ्या रस्त्यानं कोनाचीबी गाडी पळते," ते म्हणत. "चढ, वळण अन् लोकायच्या नजरा, हे तिन्ही जिथं हायेत तिथं बंद न्हाई पडली, तर गाडी बराबर."

हीच गल्ली का, हे त्यांनी एकदा प्लग घासता घासता सांगितलं, कुणी विचारलेलं नसताना. त्यांचे वडील सरपणाच्या मोळ्या घेऊन आमच्या गल्लीत येत. गल्लीच्या तोंडाशी आलं की पायातलं काढून काखेत धरायचं, असा दंडक होता. "बाप गेला. आमी बौद्ध झालो. मी मिस्त्री झालो. आता तिथून जाताना माझे पाय जिमिनीला लागतच न्हाईत. काय काढा म्हणतेन?" असं म्हणून ते इतके मोकळे हसले की बाकड्यावरचे सगळे हसले. मीही हसलो, पण जरा उशिरा.

एसटी स्टँडमागचं ते दुकान म्हणजे पत्र्याचा आडोसा आणि एक लांब बाकडं. पाटीबिटी काही नाही. सेनगावचे ढोरांचे डॉक्टर गाडी धड असतानाही तिथे येऊन बसत.

"काय झालं, डॉक्टर?"

"आवाज येऊन राहिला."

"गाडीला का तुमाला?"

मग चहा. सेनगावकडच्याच गोरेगावचा एक कापडवाला हंगामात हुरडा घेऊन येई आणि गाडीचं नावही न काढता परत जाई. साहेब असो की दूधवाला, नंबर सोडून काम होत नसे. कुणी घाई केली, ओळख सांगितली, की मिस्त्री मान वर न करता म्हणत, "आडनाव भाईर ठिवून या, आत जागा कमी हाय." लोकांना राग यायला हवा होता. पण लोक दुसऱ्या दिवशी पुन्हा येत.

मी तेव्हा सिद्धेश्वर धरणाच्या कचेरीत नवा लागलेला कारकून. वडिलांनी नंबर लावून स्कूटर घेतली होती, तिच्यावर ये-जा करायचो. ट्रायलला मीही मागे बसे. पण गल्लीच्या तोंडाशी आलो की म्हणायचो, "थांबा मिस्त्री, इथं जरा काम आहे." उतरून पानाच्या टपरीशी उभा राहायचो. ते एकटे फेरी मारून येत आणि विचारत, "झालं का काम, भाऊ?" काहून उतरता, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पुढे ओट्यांवर कुजबुज वाढली आणि एका संध्याकाळी आमच्याच ओट्यावर बैठक बसली. वडील गल्लीतल्या देवळाचा कारभार बघत, त्यामुळे शब्द त्यांचा. दुकानाच्या जागामालकाला निरोप गेला: एक तर ह्याची ट्रायल दुसरीकडे, नाही तर हा दुसरीकडे. मी दारामागे उभा राहून सगळं ऐकलं. बाहेर जाऊन एक शब्द बोललो नाही. दुकानात जाऊन सावधही केलं नाही.

मिस्त्रींनी जागामालकाला उत्तर दिलं ते गावभर झालं. "जागा सोडतो. रस्ता सोडत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाने आणि हातोड्या पलीकडच्या लिंबाखाली मांडल्या. बाकडं गिऱ्हाइकांनीच उचलून नेलं. पुढचं टोक डॉक्टरांच्या खांद्यावर होतं म्हणतात. ज्याची गाडी धड होती तोही त्या दिवशी काहीतरी सैल करून घेऊन आला. आणि प्रत्येकाला ट्रायल हवी होती! दिवसभर आमच्या गल्लीतून स्कूटरी चढत राहिल्या. डॉक्टर तर प्रत्येक ओट्यासमोर हॉर्न वाजवत गेले. वडिलांनी खिडक्या लावून घ्यायला सांगितलं. मी लावल्या.

त्यानंतर मी लिंबाखाली गेलो नाही. पण पावसाळ्याच्या आधी औंढ्याच्या अलीकडे क्लच वायर तुटली. कशीबशी गाडी गावात आणली आणि ढकलत ढकलत तिथेच गेलो, कारण दुसरं कुणी मला ठाऊकच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "या, ओट्यावरचे." मिस्त्री म्हणाले, "डॉक्टर, तुमचा नंबर झाला, घरी जा." आणि वायर बदलायला बसले.

काम झालं. मी मागे बसायला गेलो, तर म्हणाले, "आज तुमी चालवा, भाऊ. मी मागं बसतो."

मी चालवली. गल्लीच्या तोंडाशी माझा पाय ब्रेकवर गेला. मी दाबला नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. मी दाबला. मिस्त्री उतरले. मला वाटलं परत जातील. ते गल्लीत शिरले, पायी, ऑइलने काळ्या झालेल्या चपला फरशीवर वाजवत. मी पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या मागे मागे. आमच्या दारासमोर ते थांबले. वडील ओट्यावर होते.

"तुमच्या पोराची गाडी सुधरली, मालक," मिस्त्री म्हणाले.

वडिलांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मला विचारलं, "ह्याला कुणी आणलं इथं?"

सगळे ओटे ऐकत होते. मिस्त्री माझ्याकडे बघत उभे राहिले, चांगला वेळ देऊन. मी गाडीच्या काट्याकडे बघत राहिलो, जो शून्यावर होता. शेवटी तेच म्हणाले, "गाडी बराबर हाय," आणि आले तसे, मधोमध, चालत गेले.

आज हिंगोली जिल्हा झाला, मिस्त्री नाहीत, वडील नाहीत, माझी पन्नाशी उलटली. गल्लीतले जे उरलेत ते हे वाचून म्हणतील, बापाची अब्रू चव्हाट्यावर आणली. म्हणू देत. ओट्यावरचा तो प्रश्न मलाच विचारला होता, आणि उत्तर माझ्याकडेच राहिलं होतं.

मी आणलं, बाबा. मिस्त्री, वर या. बसा.