पाठ केलेलं उत्तर

विजयश्रीबाईंच्या पर्समध्ये तो कागद सकाळपासून होता आणि पाचच्या आत सही करून परत द्यायचा होता. महाळुंग्याच्या ज्या चिनी कंपनीत त्या इंग्रजी शिकवायच्या, तिथल्या एचआरच्या सार्थकनं तो दिला होता. 'लिऊ नावाच्या तंत्रज्ञाला कामाच्या सगळ्या सूचनांचे अर्थ मी शिकवले होते आणि त्याला ते समजले होते,' एवढंच त्यावर लिहिलेलं. सही केली, तर पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये लिऊची तीन बोटं गेली ती त्याच्याच चुकीनं, आणि त्याची रवानगी थेट मायदेशी. नाही केली, तर बाईंची नोकरी गेलीच समजा.

नोकरी जाणं काय असतं ते बाईंना पुरतं ठाऊक होतं. औश्याकडून लग्न होऊन त्या संत तुकाराम नगरात आल्या आणि पंधरा वर्षं एका खाजगी शाळेत इंग्रजी शिकवत राहिल्या. लॉकडाऊनमध्ये शाळेनं घरी बसवलं. पाठोपाठ नवरा नवनाथ ज्या वर्कशॉपमध्ये लेथवर होता त्यालाही टाळं लागलं. त्यात हे काम मिळालं, तेव्हा नवनाथनं विचारलं होतं, "अगं, तुला चिनी कुठं येतं?"

"त्यांना तरी मराठी कुठं येतंय? फिट्टंफाट!"

आणि खोटं कशाला बोला, बाई शिकवायच्या झकास. आठ विद्यार्थी, सगळे बाप्ये, सगळे लाजाळू. 'टाइट' आणि 'लूज' शिकवायला घरून लोणच्याची बरणी न्यायच्या, 'लीक'साठी भोक पडलेली दुधाची पिशवी. लिऊचा मोबाइल एका चिनी शब्दाला एकच इंग्रजी शब्द द्यायचा, म्हणून तो दिवा लावण्यालाही 'ओपन' म्हणायचा आणि पंखा लावण्यालाही. बाई बटण दाबून दाखवायच्या, 'ऑन', 'ऑफ'. तो वहीत लिहून घ्यायचा, खाली आपल्या चिनी अक्षरांत अर्थ टिपायचा, आणि अर्थ सापडला की भुवया उडवायचा. अर्थ कळल्याशिवाय पुढच्या शब्दाला हात लावायचा नाही, असा हट्टी माणूस.

मग ऑडिट आलं. या कारखान्यांच्या पट्ट्यात ऑडिट म्हणजे काय ते निराळं सांगायला नको. फरशीवरच्या पिवळ्या रेघा नव्यानं रंगवायच्या आणि झाडूवाल्यापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांनी उत्तरं पाठ करायची. सार्थक म्हणाला, "मॅडम, अर्थबिर्थ नंतर बघू. पांढऱ्या हेल्मेटवाल्या साहेबानं काहीही विचारलं तरी उत्तर फाडफाड आलं पाहिजे." बाईंनी तीन दिवस 'वाचलंय, समजलंय' एवढंच सांगणारं एकच वाक्य घोकून घेतलं: 'येस सर, आय हॅव रेड अँड अंडरस्टुड.' लिऊनं वाक्यावर बोट ठेवून विचारलं, "टीचर, मीनिंग?" बाई म्हणाल्या, "लेटर, लेटर." ऑडिट पार पडलं, पेढे वाटले गेले, बाईंना पुष्पगुच्छ मिळाला. लगेच नवी तुकडी आली आणि ते वाक्य तसंच राहून गेलं.

अपघात झाला तो गेल्या बुधवारी. सुपरवायझर हिंदुराव महाळुंग्याचाच. पांढरं हेल्मेट घालून प्रेसच्या बटणापाशी उभा होता, आणि लिऊचा हात प्रेसच्या आत होता. आज सकाळी त्यानं बाईंना गेटवरच गाठलं.

"मॅडम, मी त्याला इंग्रजीत दोनदा सांगितलं, हात काढ, चालू करतोय, समजलं का? तर त्यानं मान वर केली आन् सगळं उत्तर खडाखडा म्हनून दाखवलं. येवढं बोलल्यावर मला शंका यायची व्हय? सही करा, मॅडम. न्हाईतर माजी मान अडकतीय."

हात आत असला की प्रेस थांबवणारा सेन्सर त्या दिवशी बंद ठेवला होता, हे कागदावर कुठंच नव्हतं.

दुपारी बाई हॉस्पिटलात गेल्या त्या एक बेत मनात धरून. लिऊला त्या वाक्याचा अर्थ आत्ता शिकवायचा, मग सही अगदीच खोटी ठरणार नाही. हा विचार हलकट होता आणि बाईंनाही तो हलकटच वाटत होता. पण घरी नवनाथ बसून होता.

लिऊ त्यांना पाहून उठून बसायला लागला. उजवा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये. बाईंनी वाक्य कागदावर लिहिलं. शेजारच्या पेशंटचं मराठी वर्तमानपत्र त्याच्यापुढं धरलं. तो अक्षरांवरून डोळे फिरवत राहिला, मग त्यानं नाही म्हणून मान हलवली. बाई म्हणाल्या, "नो अंडरस्टुड." मग उशाशी ठेवलेली त्याचीच वही उघडून चिनी ओळ दाखवली. त्यानं वाचली आणि डाव्या हातानं कपाळाला बोट लावलं. "येस," बाई म्हणाल्या, "धिस. रेड अँड अंडरस्टुड."

लिऊनं भुवया उडवल्या. क्षणभर वर्गातला लिऊ परत दिसला, आणि बाईंना बरं वाटलं.

मग त्याचा चेहरा उतरत गेला.

"दॅट डे... सर आस्क. आय से धिस?"

"येस."

"सर थिंक, आय नो?"

"येस."

तो बँडेजकडं पाहत राहिला. मग हळूच, राग न करता त्यानं विचारलं, "टीचर, यू नो... आय डोंट नो?"

नाही म्हणणं सोपं होतं. त्याला पटलंही असतं, त्याचा बाईंवर तेवढा विश्वास होता.

"येस," त्या म्हणाल्या. "आय नो."

लिऊनं वही मिटली आणि तोंड भिंतीकडं केलं.

पाचला दहा मिनिटं असताना सार्थकनं कागद हातात घेतला. सहीच्या रेघेवर बाईंनी मराठीतच लिहिलं होतं: 'उत्तर मी पाठ करून घेतलं. अर्थ त्यानं विचारला होता, मी सांगितला नाही. त्याला कळलेलं नाही, हे मला माहीत होतं.' खाली पूर्ण नाव.

"मॅडम, अशानं त्याची बोटं परत येणार आहेत का?"

"नाही येणार," बाई म्हणाल्या, आणि इतका वेळ आवरलेलं रडू त्यांना तिथंच, सार्थकच्या टेबलापुढं उभ्या उभ्या फुटलं.