अक्काची मीटरभर रिबीन

ये गं सुमे, अशी जवळ येऊन बैस. पुरवणीत वाचत असशील हे, तरी मी समोरच बसलेय असं समज. कान धरायचाय तुझा. शाळेतल्या शोकसभेला आली नाहीस, ते सोडून देते. बंगळुरात के. आर. पुरमहून इकडे पीण्याला यायचं म्हणजे अर्धा दिवस बसमध्येच जातो. पण शिकवणीच्या मुलांना पॉइंटचे आकडे शिकवताना तू म्हणे सांगतेस, "मागे शून्य लावा आणि मोठं कुठलं ते बघा." अक्काच्या हाताखालची पोर तू, आणि हे?... बरं, रागावत नाही. ऐक.

कमलाअक्का गेली ती शाळेला निघतानाच. माझ्या दारात थांबली, "पाणी दे गं स्वल्प, थोडंसंच," म्हणाली, आणि मी तांब्या घेऊन येईतो भिंतीला टेकून बसलेली... ती बसलेलीच. आमची दारं समोरासमोर. ती निपाणीकडची, मी धारवाडची. ती तुमच्या चौथीला गणित शिकवायची, मी ब्लाउज शिवायची. एकदा संध्याकाळी वैतागून आली. "पोरं पॉइंट टू फाइव्हला पॉइंट सिक्सपेक्षा मोठं म्हणतात गं. पंचवीस सहापेक्षा मोठे, म्हणून!" मी म्हटलं, "मग मोठेच की." "घ्या! आता तूसुद्धा!" म्हणाली, आणि माझ्याकडची लाल रिबीन मागून घेतली. बरोबर एक मीटर. तिचे दहा सारखे भाग करून प्रत्येक भागाशी मी निळ्या दोऱ्याचा टाका घातला, मग एकेका भागात पुन्हा बारीक पांढरे टाके घालून दहा-दहा भाग केले. डोळ्यांचं पाणी झालं, पण पॉइंटनंतरचं पहिलं घर मोठ्या भागांचं आणि दुसरं चिमुकल्यांचं, हे मलाही तेव्हाच कळलं.

दुसऱ्या दिवशी ती रिबीन मापाला धरून अक्कानं तुम्हाला वेगळ्या रिबिनी कापून दिल्या. जिला जे मोठं वाटेल तेवढी तिच्या वेणीला. तू हावरी, पॉइंट टू फाइव्ह मागितलीस. वेणीला साधी गाठ बसेना, आणि शेजारच्या पोरीचं पॉइंट सिक्सचं फूल कानापर्यंत! केवढी रडलीस. दुसऱ्या दिवशी आपणहून गेलीस, "मिस, आज पॉइंट थ्री द्या, गाठ तरी बसेल." हे सांगताना अक्का एवढी हसली की हातातला चहा सांडला. "बसलं गं तिच्या डोक्यात," म्हणत होती.

मग आल्या नव्या हेडमिस्ट्रेस. रिबिनींचा खेळ पुरे, पोर्शन मागे पडतोय, विश्वस्त वर्ग बघायला येणार आहेत. आठवडाभर त्यांनी स्वतः तुमचा तास घेतला आणि पॉइंटनंतर आकडे कमी पडतील तिथे मागे शून्य लावायचं घोटून घेतलं. विश्वस्तांसमोर सगळी उत्तरं बरोबर आली, टाळ्या झाल्या. त्यातले एकजण अक्काला म्हणाले, "तुम्हीही विचारा की काहीतरी." तिनं फळ्यावर पॉइंट सिक्स आणि पॉइंट सिक्स झिरो लिहिलं. मोठं कुठलं? अख्खा वर्ग ओरडला, "सिक्स्टी, मिस!" अक्का रागावली नाही. पर्समधून लाल रिबीन काढली, दोन मुलींना पुढे बोलावलं, दोन्ही मापं मोजायला लावली. दोघींची बोटं एकाच निळ्या टाक्यावर आली. तुम्ही पोरं हसलात. हेडमिस्ट्रेस हसल्या नाहीत.

त्या जूनमध्ये अक्काचं गणित गेलं, हातात वाचनालयाच्या किल्ल्या आल्या. त्यानंतर दर जूनला अक्का इस्त्रीची साडी नेसून चौथी परत मागायला जायची आणि "पुढच्या वर्षी बघू" एवढं ऐकून यायची. मी म्हणायची, "भांड ना एकदा." ती म्हणायची, "भांडले तर किल्ल्याही काढून घेतील. मग पोरं दिसायचीसुद्धा नाहीत." चौथी तिला मिळाली नाही ती नाहीच.

शोकसभेत त्याच हेडमिस्ट्रेस डोळे टिपत म्हणाल्या, "गणित हाच त्यांचा श्वास होता." मी बसल्या जागेवरून म्हटलं, "मग तो काढून कोणी घेतला?" पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघींनी मागे वळून बघितलं, आणि पुन्हा पुढे बघायला लागल्या. मीही फोटोकडे बघितलं. हार घातलेला फोटो दोन्ही बाजूंनी लाल रिबिनीनं खिळ्यांना बांधलेला. रिबिनीवर निळे टाके... माझेच. वाचनालयाच्या खणात सापडली असणार. फोटो टांगायला मधोमध कापली होती, सुमे. सभा संपल्यावर मी खुर्चीवर चढून दोन्ही तुकडे सोडवून आणले. कुणी अडवलं नाही.

अक्काच्या खोलीची किल्ली अजून माझ्याकडे आहे. तिथल्या खिडकीच्या गजाला ते तुकडे बांधून ठेवलेत. शिवून जोडले असते, पण शिवणीत थोडी रिबीन जातेच. मग तो मीटर राहत नाही, आणि अक्काला ते चाललं नसतं. नवी मीटरभर रिबीन आणलीय, निळा दोराही आहे. सुईत दोरा ओवायला मात्र मला आता दिसत नाही. तू ये. शिकवणीची पोरंही आण, टाके त्यांनाच घालू दे. शून्य मग लावा हवं तर. लवकर ये गं, घरमालक खोली मागतोय.