फॉर्ममधला चौदावा प्रश्न

गेली अकरा वर्षं मी दुसऱ्यांचं संशोधन तपासते आहे. माझं स्वतःचं काम गोड्या पाण्यातल्या माशांच्या आतड्यांतल्या कृमींवर होतं. ते कधी मागे पडलं कळलंही नाही. आमच्या बडोद्याच्या संस्थेत कुणालाही पीएच.डी.चं काम सुरू करायचं असलं की एका समितीची परवानगी लागते, आणि त्या समितीची सचिव मी. सचिव म्हणजे जिला वेळेवर नाही म्हणता आलं नाही ती.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी टेबलावर गठ्ठा येऊन पडतो. गोरव्याच्या कारखान्यांमागच्या नाल्यातलं पाणी. पावावरची बुरशी. विश्वामित्रीच्या काठी राहणाऱ्यांना मगरींची भीती वाटते की सवय झाली आहे. मकरपुऱ्यात पाळी बदलत काम करणाऱ्यांची झोप. दुसरं लग्न केलेल्या बायकांना सासरी काय म्हणून हाक मारतात. सुरुवातीला मला या सगळ्याचं फार अप्रूप होतं. एकाच इमारतीत किती माणसं किती वेगवेगळ्या गोष्टींमागे लागली आहेत, असं मी घरी जाऊन आईला सांगायचे. आता दुपारचे चार वाजले की मला बुरशी आणि सासर यांतला फरक कळेनासा होतो.

त्यात प्राध्यापकांची आपसातली धुसफूस. वनस्पतिशास्त्रवाले म्हणतात, समाजशास्त्र म्हणजे चहा पीत मारलेल्या गप्पा. समाजशास्त्रवाले म्हणतात, तुमची बुरशी खोटं बोलत नाही, आमची माणसं बोलतात. मग अवघड काम कुणाचं? मला दोघांचंही पटतं आणि दोघांचाही कंटाळा येतो.

ही कटकट मिटावी म्हणून मी सगळ्या विभागांसाठी एकच फॉर्म केला. बावीस प्रश्न, सर्वांना सारखे. त्यातला चौदावा असा: ‘अभ्यासासाठी गोळा केलेले नमुने काम संपल्यावर कसे नष्ट करणार?’ त्याला कारण होतं. आमच्याच विभागातला एक विद्यार्थी पदवी घेऊन निघून गेला आणि त्याच्या माशांच्या बरण्या कपाटात तशाच राहिल्या. एका उन्हाळ्यात त्या फुटल्या तेव्हा अख्ख्या मजल्याला नाक धरून बसावं लागलं. मग मी आणखी एक नियम केला. नमुने नष्ट केल्याचं प्रमाणपत्र माझ्या सहीनिशी जोडल्याशिवाय प्रबंध स्वीकारायचा नाही. आणि ‘लागू नाही’ असं उत्तर चालणार नाही. तसं लिहिलेला फॉर्म परत. एकाला सूट दिली की सगळेच मागतात, हे मला शिक्षकी पेशानं शिकवलं होतं.

पुरातत्त्वाचे एक ज्येष्ठ प्राध्यापक तणतणत आले. इतकी शतकं जमिनीत टिकलेली खापरं मी जाळू का, म्हणाले. तासभर वाद घातला आणि शेवटी ‘संग्रहात जमा’ असं लिहून गेले. त्यांच्या पांढऱ्या केसांकडे बघून मी ते चालवून घेतलं.

भाषा विभागातली एक मुलगी आली ती मात्र वाद घालणारी नव्हती. लग्न होऊन बडोद्यात आलेल्या मराठी बायका घरात कसं बोलतात, त्यांच्या मराठीत गुजराती किती आणि कुठे मिसळली आहे, हा तिचा विषय. म्हाताऱ्या बायकांशी गप्पा मारायच्या आणि त्या फोनवर ध्वनिमुद्रित करायच्या. चौदाव्या प्रश्नापुढे तिनं ‘लागू नाही’ लिहिलं होतं. मी फॉर्म परत पाठवला. दुसऱ्या दिवशी तो दुरुस्त होऊन आला: ‘प्रबंध पूर्ण झाल्यावर सर्व ध्वनिमुद्रणे पुसून टाकण्यात येतील.’ अक्षर सुरेख होतं. मला बरं वाटलं, शहाणी मुलगी.

तिला बोलणाऱ्या बायका मिळेनात, तेव्हा मीच म्हटलं, माझ्या आईकडे जा. आई आणि मी निजामपुऱ्यात राहत होतो. सोळाव्या की सतराव्या वर्षी साताऱ्याकडून ती इथे आली. माझे वडील इथे रेल्वेत होते. मुलगी सलग तीन दुपारी आली. मी कामावर असायचे, त्यामुळे काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. आई एवढंच म्हणाली की पोरगी चांगली आहे, ऐकून घेते. मी हं म्हटलं असेन. माझ्यापुढे त्या आठवड्याचा गठ्ठा होता.

काम संपत आलं तेव्हा ती मुलगी माझ्या खोलीत आली. पुसण्याआधी आजींच्या ध्वनिमुद्रणाची एक प्रत तुम्हाला देऊ का, असं तिनं विचारलं. खालच्या आवाजात, जणू तीच काही मागते आहे. मला आजही लख्ख आठवतं, मी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तिला समजावलं की बोलणाऱ्या व्यक्तीची माहिती तिसऱ्या कुणाला देता येत नाही, आणि नियम सचिवाच्या घरालाही लागतो. माझं मलाच कौतुक वाटलं. हो मॅडम, म्हणून ती गेली. पंधरा दिवसांनी तिचं प्रमाणपत्र सहीला आलं. उंदरांचं रक्त, नाल्याचं पाणी आणि ध्वनिमुद्रणं, तिन्हींवर मी एकाच बैठकीत सह्या केल्या.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आई गेली. न्यूमोनियाचं निमित्त झालं, आठ दिवसांत सगळं संपलं. तेरावं झालं, भाऊ परत गेला, आणि मी पुन्हा गठ्ठे वाचायला लागले. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत माझ्या लक्षात आलं की तिचा आवाज मला नीट आठवत नाही. शब्द आठवत होते, आवाज नाही. घरात फोटो ढीगभर आहेत. भावाच्या लग्नाच्या चित्रफितीत ती ताट घेऊन मुकाट्यानं पुढून निघून जाते. तिचा फोन साधा बटणांचा होता.

मी त्या मुलीला फोन केला. ती आता आणंदला शिकवते. मी ध्वनिमुद्रणाचं विचारलं.

“मॅडम, मी सगळी पुसली,” ती म्हणाली. “तुमची सही आहे.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. नियमाला कंटाळून बहुतेक पोरं गुपचूप एखादी प्रत ठेवतात, हे मला माहीत आहे, आणि हिनंही ठेवली असेल अशी मला आशा होती. पण हिनं माझं ऐकलं होतं. पुरातत्त्ववाल्यांसारखं भांडली असती तर मी हिलाही ‘संग्रहात जमा’ लिहू दिलं असतं का? बहुतेक नसतं दिलं. तिचे केस काळे होते.

मग मी ग्रंथालयात जाऊन तिचा प्रबंध काढला. अकरा वर्षांत मंजूर केलेल्या कामांपैकी पूर्ण वाचलेला हा पहिलाच. आईचं नाव कुठेच नव्हतं, ते बरोबरच होतं. ती ‘माहितीदार सात’ होती. वय, माहेरचा जिल्हा, बडोद्यातली वर्षं. भाजीला ती शाक म्हणते, चिरण्याला समारणं म्हणते, आणि उशीर झाला हे सांगताना नेहमी गुजराती ‘मोडं’ वापरते, अशी नोंद होती. हे मी जन्मभर ऐकलं होतं आणि कधी ऐकलं नव्हतं. शेवटच्या परिशिष्टात संभाषणाचे उतारे होते. घरात कुणाशी कोणत्या भाषेत बोलता, असा सगळ्या बायकांना विचारलेला एक ठरावीक प्रश्न होता. सातव्या माहितीदाराचं उत्तर मी उभ्यानंच वाचलं.

“शेजारी गुजराती. कामवालीशी गुजराती. मुलीशी मराठीच, पण तिला रोज मोडं होतं ना, आली की तिचे ते कागद. मी शाक समारत बसते. तुझ्याशी या तीन दिवसांत बोलले, तेवढं तिच्याशी वर्षात नसेल बोलले. (हसतात.) हे तिला दाखवणार आहेस का तू?”

त्याखाली मुलीचं उत्तर होतं: “नाही आजी. मॅडमचा नियम आहे.”

मी प्रबंध मिटला आणि खोलीत येऊन त्या दिवसाचा गठ्ठा पुढे ओढला. वरच्याच फॉर्ममध्ये चौदाव्या प्रश्नापुढे कुणीतरी ‘लागू नाही’ लिहिलं होतं. मी सही केली. मग बराच वेळ त्या कंसातल्या हसण्याचा आवाज आठवत बसले. तो आठवला नाही.