आत्या कुजबुजली त्याची गोष्ट

माझ्या आत्याला हळू बोलता येत नाही. बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करण्यात तिचं आयुष्य गेलं, आणि निम्मा काळ माईक बिघडलेला होता हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. घरात तिनं मीठ मागितलं की शेजारीण घेऊन येते. तरुणपणी स्थळं आली होती, पण एका मुलाला तिनं "साखर किती घालू?" असं प्रेमानं विचारलं आणि तो बिचारा दचकून उभाच राहिला. मग तिनं तो नादच सोडला, भावाच्या म्हणजे माझ्या बाबांच्या घरातली वरची खोली पटकावली आणि सुखात राहिली.

सुखात म्हणजे, कुलूप स्थानकात बदलून येईपर्यंत. कुलूप हा ड्रायव्हर; तोंड कायम बंद, म्हणून स्थानकानं ठेवलेलं नाव. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही, आणि "हो" नि "नाही" एवढ्या भांडवलावर नोकरी रेटलेली. गाडी लावली की तो आत्याच्या खिडकीशी येणार, घसा खाकरणार, आता बोलणार असं सगळ्यांना वाटणार, आणि पाणी पिऊन निघून जाणार. असं कित्येक वर्षं. अख्ख्या स्थानकाला प्रकरण ठाऊक होतं. पुढे सरकत मात्र नव्हतं.

आता घोषणा यंत्र करणार होतं आणि आत्याची बदली दूरच्या मुख्य कार्यालयात झाली होती. सोमवारी हजर व्हायचं. त्याआधी कर्मचाऱ्यांची एक दिवसाची सहल निघाली: दोन जुने दर्गे आणि वाटेत कारागिरांचे कारखाने. गाडीवर ड्रायव्हर कुलूपच. घरच्या एकाला आणायची मुभा होती. आत्यानं मला नेलं, पिशव्या उचलायला.

"तूच विचारून टाक ना त्याला," मी गाडीत म्हटलं.

"मी मुळीच विचारणार नाही," आत्या माझ्या कानात म्हणाली, आणि पुढच्या दोन रांगांनी माना वळवल्या. "जन्मभर मीच बोलत आलेय. हे एक वाक्य त्यानं बोलावं. बोलला तर इथेच तिकीट खिडकीवर जागा मागून घेईन. नाही बोलला, तर सोमवारी मी चालले."

कुलपाच्या कानाच्या पाळ्या मागूनही लाल दिसल्या.

आधी तांबटांचे कारखाने लागले. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना भांडी ठोकणारे, आणि असा दणदणाट की दातसुद्धा वाजावेत. लोखंडी खुंटावर पातेलं पालथं घालून एक म्हातारा कारागीर ओरडून सांगत होता, "पहिल्या ठोक्यावर दुसरा अर्धा चढला पाहिजे." आत्यानं हातोडी घेतली आणि एकच घाव घातला. पातेल्याचा गाल बसला.

"ताई, भांडं आहे ते, वैरी नाही," कारागीर म्हणाला.

एवढ्यात कुलूप तिच्याशेजारी येऊन उभा राहिला आणि चक्क बोलू लागला. ओठ भराभर हलत होते.

"काय?" आत्या ओरडली.

तो पुन्हा बोलला.

"अहो, काय?"

हातोड्या दम खायला थांबल्या. "काही नाही," कुलूप म्हणाला. तेवढं मात्र सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं.

मी कंडक्टरला गाठलं. "हा माणूस बोलतो का हो?"

"बोलतो म्हणजे? घाटात तोंड बंद नसतं त्याचं. समोरच्या काचेशी बोलतो. मी पुढे जाऊन बसलो की गप्प."

माझ्या डोक्यात ट्यूबलाइट लागली. पण काच आणायची कुठून?

ती पहिल्याच दर्ग्यात सापडली. बाहेरच्या दालनावर मोठा घुमट होता. तिथं झाडलोट करणारे आजोबा सांगत होते, या कोपऱ्यात भिंतीला तोंड लावून पुटपुटलं की समोरच्या कोपऱ्यात कानात बोलल्यासारखं ऐकू येतं. मध्ये उभ्या असलेल्याला काही म्हणता काही नाही.

मी आत्याला एका कोपऱ्यात नेलं. "भिंतीला कान लाव. का ते विचारू नकोस." मग कुलपाला दुसऱ्या कोपऱ्यात. "काका, ही भिंत म्हणजे तुमची काच. पलीकडे आत्या ऐकतेय. घाट चढा."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता हा पाणी प्यायला जाणार. पण तो वळला. पाठ आधी ताठ होती, मग सैल पडली, आणि थोड्या वेळानं उजवा हात गिअर टाकल्यासारखा हलू लागला. समोर आत्या डोळे मिटून हसत होती, मध्येच मान हलवत होती, एकदा तर भिंतीला चापट मारली.

मंडळी अनवाणी पायांनी माझ्याभोवती जमली. "काय म्हणतोय?"

"इथं ऐकू येत नाही."

"मग इथं कशाला उभा राहिलास, गाढवा?"

आता आत्याची पाळी. कंडक्टरनं खबरदारी म्हणून कानांवर हात ठेवले. आजोबांनी वरच्या कबुतरांकडे काळजीनं पाहिलं. आत्यानं तोंडाभोवती तळवे धरले, आणि तिचे ओठ हलले.

एकही कबूतर उडालं नाही.

समोर कुलपानं भिंतीला कपाळ टेकलं. त्याचे खांदे गदगदत होते. रडतोय की हसतोय ते वळल्यावर कळलं: दोन्ही.

"काय म्हणालीस?" मी पायऱ्यांवर आत्याला गाठलं.

"तुला काय करायचंय?"

"सोमवारचं काय?"

"तिकीट खिडकी," ती म्हणाली, आणि एका पायात माझी चप्पल घालून चालू लागली.

पुढच्या प्रवासात ती ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसली. कुलूप एकदा उघडलं ते मिटेचना. आईची शेळी, पहिलं पंक्चर, कुठल्याशा पुलावर भेटलेला अस्वलवाला, सगळं बाहेर. दुसऱ्या दर्ग्याचा फाटा आला आणि खिडकीतून मागे गेला.

"अहो, फाटा गेला," स्थानकप्रमुख मागून ओरडले. "दुसरा दर्गा राहिला ना."

आत्या वळली. "जरा गप्प बसता का सगळे?" ती म्हणाली. "ते बोलतायत."