कुरडयांची सावड

गीताबाईंच्या कुरडया तळल्या की परातीएवढ्या फुलतात, असं त्यांचे यजमान सिताराम सांगतात. सितारामांचं आयुष्य सरकारी कचेरीत गेलं. तिथं प्रत्येक गोष्ट मोजूनमापून लिहावी लागली, त्याची कसर ते घरी भरून काढतात. पण परातीचं सोडलं तर बाकी खरं आहे. गीताबाईंचा हात कुरडईला चांगला आहे, आणि हा हात त्यांना माहेरी, झरी गावात, आईकडून आला.

आईकडून आणखीही एक गोष्ट आली, ती म्हणजे सावडीचा कायदा. आज तू माझ्या रानात खुरपायला ये, उद्या मी तुझ्या रानात येते. पैशाचं नाव काढायचं नाही. घेतलेला हात हातानंच परत करायचा. गावात त्यांच्या बौद्ध वस्तीतल्या बायका असंच एकमेकींचं निभावून न्यायच्या. वस्तीबाहेर सावड नव्हती, तिथं मजुरी होती. मालकाच्या घरी आईची कपबशी वळचणीला खोचलेली असायची. चहा पिऊन झाला की आई ती स्वतः धुवायची आणि परत वळचणीला ठेवायची. लहान गीताला वाटायचं, आपल्या आईला खास कप आहे. तो कसला मान होता, हे कळायला तिला शाळेत जावं लागलं.

परभणीत घर घेतलं तेव्हा कपबशीचे दिवस संपले असं त्या धरून चालल्या होत्या. घरही सुखासुखी मिळालं नाही. दलाल आधी आडनाव विचारायचा आणि मग त्याला आठवायचं की प्लॉट कालच गेला. शेवटी नांदेडला जायची घाई झालेला एक मालक भेटला आणि शिवकृपा कॉलनीतलं घर झालं. कॉलनीत बहुतेक लिंगायत घरं, दुकानदार आणि व्यापारी, एकमेकांच्या नात्यातली. शिवाची कृपा सगळ्यांवर सारखीच होती, फक्त ताटं वेगळी होती.

कुणी वाईट बोलत नसे, हे सांगितलं पाहिजे. शेजारचे मन्मथअप्पा किराणा दुकानदार. संध्याकाळी भजनात ते देवाच्या दारी लहानमोठा कुणी नाही असं इतकं गोड म्हणायचे की रस्त्यावरचा माणूस थांबावा. त्यांच्या पत्नी उमादेवी सणाला वाटीभर पुरण पाठवायच्या. वाटी रिकामी परत देऊ नये, म्हणून पहिल्या वर्षी गीताबाईंनी तीत स्वतः केलेली खीर घालून पाठवली. ती खीर उमादेवींच्या मागच्या दारी मांजर खात होतं, हे गीताबाईंनी गच्चीवरून पाहिलं. मग त्या शहाण्या झाल्या. वाटीत झाडाची लिंबं घालू लागल्या, कढीपत्ता घालू लागल्या. कच्चं चालायचं. मुलगा सुगत पुण्यात नोकरीला आहे. त्याला त्या एकदा फोनवर म्हणाल्या, "बाबा, आपल्या झाडाचं चालतंय, चुलीचं चालत न्हाई." सुगत हसला नाही. त्यालाही तिकडे खोली शोधताना चौथ्या प्रश्नाला जात विचारत होते, फक्त विचारायची रीत जरा शहरी होती.

उन्हाळा आला की कॉलनीतल्या बायका आळीपाळीनं एकमेकींच्या गच्चीवर कुरडया घालायच्या. गीताबाईंना बोलावणं कधी आलं नाही. त्यांची गच्ची मात्र मोठी, उन्हाची. पापड वाळत घालायला ती सगळ्यांना चालायची.

गेल्या साली उमादेवींच्या अनुपमाचं लग्न ठरलं. रुखवतात मांडायला कुरडया हव्याच. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून उमादेवींनी चीक सकाळी चुलीवर चढवला, आणि तेवढ्यात गंगाखेडहून फोन आला. गल्लीतल्या बायकांच्या नात्यातले एक म्हातारे आजोबा गेले होते. सगळ्या जीपमध्ये बसून निघून गेल्या. शिजलेला चीक कुणासाठी थांबत नाही. गरम आहे तोवरच सोऱ्यातून पाडावा लागतो, नाहीतर गोळा होऊन बसतो. उमादेवी गच्चीवर आल्या, कठड्यापाशी घुटमळल्या, परत गेल्या, परत आल्या.

"गीताबाई, जरा हात लावता का? मी एकटीच हाय."

सिताराम पेपरमागून पुटपुटले, "अडला हरी, गाढवाचे पाय धरी."

"म्हंजे मी गाढव का?" गीताबाई म्हणाल्या, आणि पदर खोचून गेल्यासुद्धा. राग असा तिथल्या तिथं काढता येत नाही. समोर शिजलेला चीक असला की बाईचा हात आधी पुढं होतो.

दोघींनी मिळून गच्ची पांढरीशुभ्र करून टाकली. काम छान झालं, गप्पाही झाल्या, लेकीच्या लग्नाच्या काळजीनं उमादेवी मधेच रडल्या आणि गीताबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग रिवाजाप्रमाणं उरलेला चीक खायची वेळ आली, दूध-साखर घालून. मदतीला आलेल्या बाईचा तो हक्कच असतो. उमादेवींनी स्वतःला स्टीलच्या ताटलीत घेतला. गीताबाईंना कागदी द्रोणात दिला.

गीताबाईंनी तो खाल्ला. कशी चव होती ते त्यांना आजही सांगता येत नाही. खाऊन द्रोण स्वतःच उचलून कचऱ्यात टाकला. तेव्हा त्यांना आई आठवली, वळचणीपाशी टाचा उंच करून उभी असलेली.

जिन्यात उमादेवी हळूच म्हणाल्या, "कुणाला सांगू नका बरं. पाव्हणे लय जुन्या वळणाचे हायेत."

लग्नात रुखवताच्या कुरडयांचं सगळ्यांनी कौतुक केलं. पंधरा दिवसांनी उमादेवी साडी घेऊन आल्या, चांगली, भारीतली. गीताबाईंनी तिला हळदीकुंकवाइतक्या अदबीनं हात लावला आणि परत त्यांच्या हातात दिली.

"सावड साडीनं फिटत न्हाई, वहिनी. हातानं फिटती. येत्या उन्हाळ्यात मी कुरडया घालणार हाय. तवा तुमी या."

उमादेवी "हो, हो" म्हणाल्या. असं तोंडदेखलं हो म्हणायला काय लागतं?

पण गीताबाई विसरल्या नाहीत. वर्षभर त्यांच्या डोक्यात एकच होतं : ही बाई सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आपल्या गच्चीवर बसते का, आणि आपल्या चुलीवरचं खाते का. यंदा त्यांनी मुद्दाम बुधवार धरला. सोमवार टाळला, एकादशी टाळली, संकष्टी टाळली. उपासाची पळवाट कुठंच ठेवली नाही. पोखर्णीहून जाऊबाई पंचफुलाला बोलावून घेतलं. आणि दुकानातून कागदी द्रोणांचा एक गठ्ठा आणून फळीवर ठेवला.

"हे कशाला? घरात ताटल्या काय कमी हायेत?" पंचफुलानं विचारलं.

"असू दे."

"ती येणार न्हाई, गीताक्का. उगं वाट बघू नको."

उमादेवी आल्या. चांगलं ऊन वर आल्यावर, पुढच्या फाटकातून, स्वतःचा सोऱ्या हातात घेऊन. आजूबाजूच्या गच्च्यांवरच्या बायका कपड्यांच्या दोऱ्या ताणायच्या थांबल्या. सोऱ्या मदतीसाठी आणला की आमचा नको म्हणून आणला, हे गीताबाईंना कळलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. तिघींनी मान मोडून काम केलं. उमादेवींचा हात भरभर चालत होता, काहीतरी लवकर आटपून टाकायचं असल्यासारखा.

चीक खायची वेळ झाली. गीताबाई स्वयंपाकघरात गेल्या. हात फळीकडं गेला, द्रोणांच्या गठ्ठ्यावर क्षणभर थांबला. वर्षभर मनात याच घडीचा मांडव घातला होता. मग त्यांनी गठ्ठा मागे सारला आणि तीन स्टीलच्या ताटल्या काढल्या.

"घ्या वहिनी. दूध आत्ताच तापवलंय."

उमादेवींनी ताटलीकडं पाहिलं, मग शेजारच्या गच्चीकडं. "आज माझा उपास हाय," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा हात गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीवर गेला.

"बुधवारचा?"

"हा. नवसाला बोललेला होता."

गीताबाईंनी ताटली खाली ठेवली. भांडायचं म्हणून वर्षभर शब्द जमवले होते. आता नुसतं रडू येत होतं. उमादेवींनी सोऱ्या धुतला आणि फाटकातून निघून गेल्या. सावड फिटली होती.

"आली तर खरं ना," सिताराम म्हणाले. "लय झालं की."

"लय म्हंजे किती?" गीताबाईंनी विचारलं. त्यावर एरवी वाढवून सांगणाऱ्या सितारामांनी पेपर पुन्हा वर धरला.

संध्याकाळी मन्मथअप्पा दुकानातून आले आणि कठड्यावरून सितारामांना विचारू लागले, "अहो, हिनं तुमच्याकडं कायी खाल्लंय का? सकाळपासून पाणीबी घेईना. उपास हाय म्हणती. बुधवारी कोणता देव उपास मागायलाय?"

गीताबाई वाळत आलेल्या कुरडया गोळा करत होत्या. त्यांनी ऐकलं. हात थांबला.

दिवे लागायच्या वेळेला फाटक वाजलं. उमादेवी ओसरीवर उभ्या होत्या. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले. रस्त्यावरून दोघीतिघी देवळाकडं चालल्या होत्या, त्यांनी मान वळवून पाहिलं. उमादेवी आडोशाला सरकल्या नाहीत.

"सकाळचा चीक उरलाय का, गीताबाई?"

"गार झालाय. गोळा झालाय त्याचा."

"चालंल. उपास सोडायचाय," त्या म्हणाल्या. "खोटं बोलले मी सकाळी. लिंगाला हात लावून खोटं बोलले. मग खरंच धरावा लागला. दिवसभर उपाशी बसले अन् तुमच्या ताटलीचाच विचार करायले. तुमाला त्या दिवशी द्रोणात दिलं ना मी."

"हो," गीताबाई म्हणाल्या. "दिलं."

त्यांनी चीक दूध घालून गरम केला, सकाळचीच ताटली घेतली. उमादेवी ओसरीवरच बसल्या, दिव्याच्या उजेडात, आणि खाल्लं. भूक लागलेल्या माणसासारखं खाल्लं. रस्त्यानं माणसं येत-जात होती. पंचफुला दारात उभी राहून पाहत होती. जेवढं पाहिलं तेवढंच उद्या पोखर्णीत सांगायचं, असं तिनं मनाशी ठरवलं असावं.

खाऊन झाल्यावर उमादेवी उठल्या आणि ताटली घेऊन नळाकडं निघाल्या. गीताबाई पुढं झाल्या.

"ठिवा, वहिनी. आमच्या घरी पाव्हण्याला ताट धुवायला लावत न्हाईत."

उमादेवी ताटली धरून तशाच उभ्या राहिल्या. गीताबाईंनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि मोरीत घरातल्या बाकीच्या खरकट्या भांड्यांत ठेवली.