मशीनवरचं फडकं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सांगायला बसते, आणि उपग्रहापासून सुरू करते — तो लांब आहे म्हणून असेल.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. पुण्यात शेवटच्या वर्षी सरांनी मला त्यांच्या प्रकल्पात घेतलं. उपग्रह दुपारी वरून जातो, हवा किती धुरकट आहे ते टिपतो. पण त्यातलं माणसाच्या नाकापर्यंत किती पोचतं? ते वरून कळत नाही. त्यासाठी जमिनीवर मशीन लागतं. मशीनच्या आकड्यांनी वरचा अंदाज दुरुस्त करायचा, मग गावागावांचा नकाशा काढायचा. असं एक छोटं मशीन मी खामगावजवळच्या आमच्या गावी, घराच्या ओसरीत खांबाला लावून आले. आकडे आपोआप कॉलेजात यायचे.

त्या हिवाळ्यात बीटी कपाशीलाही बोंडअळीने पोखरलं होतं. अळी पुढच्या वर्षी राहू नये म्हणून जो तो पऱ्हाट्या, कपाशीची वाळलेली झाडं, उपटून जाळत होता. धूर सकाळभर खालीच बसायचा, दुपारी कुठे वर सरकायचा. माझे सकाळचे आकडे भलतेच चढले. कुणाच्याच अंदाजात बसेनात.

"हिच्या मशीनले दमा झाला बे," — माझ्याच बोलण्याची नक्कल करून मुलं हसली. सरांनी विचारलं, मशीन नीट लावलंय ना? नीटच लावलं होतं. पण मी तसं ठामपणे म्हणाले का? नाही.

आणि एका आठवड्यात आकडे खाली आले. उपग्रहाच्या अंदाजाशी जुळले. सरांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं — पहिल्यांदाच.

संक्रांतीला घरी गेले तर मशीनवर मायच्या जुन्या लुगड्याचं फडकं. दुहेरी, सुतळीने आवळून बांधलेलं.

"धूळ बसे वं त्याच्यावर," माय म्हणाली. "कॉलेजची चीज हाय. काऊन, चुकलं काय?"

मला त्याच क्षणी कळलं. हवा गाळून आत जात होती. फडकं सोडायला किती वेळ लागला असता?

"राहू दे," मी म्हटलं.

हेच ते. मायला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. ती खोकत खोकत ते फडकं धुवायची, वाळवून परत बांधायची — आणि मी ते आकडे खरे म्हणून देत राहिले.

पुढे गावातल्या बाया पऱ्हाट्या बारीक करणारं यंत्र मागायला तालुक्याला गेल्या. जाळायचं थांबावं म्हणून. माय सगळ्यांत पुढे. तिथल्या साहेबांनी आमच्याच प्रकल्पाचा नकाशा दाखवला. यंत्र लाल, म्हणजे जास्त धुराच्या गावांना मिळणार होतं. आमचं गाव हिरवं होतं.

"हिरवं म्हणजे चांगलंच ना वं?" घरी आल्यावर तिने मला विचारलं.

"हाव," मी म्हणाले.

मशीन कधीच परत गेलं. पऱ्हाट्या अजून जळतात. माय आता ओसरीतल्या खांबाला टेकून बसते, एक श्वास दोनदा थांबून घेते. सकाळी धूर उतरला की तेच फडकं नाकाला बांधते. याच्यानं जरा कमी लागते, म्हणते.

किती कमी, ते मला माहीत आहे. माझ्याकडे आकडे आहेत.